'संमिश्र प्रतिसाद' या दोन शब्दांच्या आत काय असतं? : एका विमान-थरारकथेचा धडा

पेट झाली, कोर्सवर्क संपत आलं, आता आराखडा लिहायचाय. पुस्तकांच्या किंवा सिनेमांच्या इतिहासावर काम करायचं ठरवलं असेल, तर पहिल्या आराखड्यात एक वाक्य हमखास येतं : 'या कृतीला वाचकांचा संमिश्र प्रतिसाद मिळाला.' वाक्य खोटं नसतं, पण त्यातून काही कळतही नाही. कोणाला काय पटलं, कोणाला काय खटकलं, आणि ते नेमकं कशावरून भांडत होते? हे विचारल्याशिवाय पुढे गेलात, तर तुमच्या हाती फक्त अभिप्रायांची यादी उरते.

आज एकाच पुस्तकावर हे करून बघू. पुस्तक आहे मायकेल क्रायटन यांची 'एअरफ्रेम' ही कादंबरी, १९९६ च्या अखेरीस आलेली. 'ज्युरासिक पार्क'मुळे क्रायटन आपल्याकडेही घरोघरी माहीत झाले, 'एअरफ्रेम' मात्र त्यामानाने मागे राहिली. पण इतिहासाच्या विद्यार्थ्यासाठी ती जास्त कामाची आहे, कारण तिच्यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीशेजारी ठेवता येईल असा खरा चौकशी अहवाल उपलब्ध आहे. (पुढे कादंबरीचा शेवट सांगणार आहे. वाचायची असेल तर आधी वाचून या.)

गोष्ट थोडक्यात

हाँगकाँगहून डेन्व्हरला निघालेलं एक मोठं प्रवासी विमान हवेत अचानक वरखाली हेलकावे खातं. माणसं छतावर आदळतात, काही मरतात, पन्नासहून जास्त जखमी होतात. विमान मात्र लॉस एंजेलिसला सुखरूप उतरतं. विमान बनवणारी कंपनी 'नॉर्टन' ही काल्पनिक. तिथल्या गुणवत्ता विभागाची अधिकारी केसी सिंगलटन हिला आठवड्याभरात कारण शोधायचंय, कारण चीनशी मोठा सौदा होऊ घातलाय. दुसरीकडे एका टीव्ही कार्यक्रमाची निर्माती 'हे विमानच धोकादायक आहे' अशी बातमी आधी ठरवून मग पुरावा गोळा करत फिरतेय.

शेवटी निघतं ते असं : एका बनावट सुट्या भागामुळे कॉकपिटमध्ये चुकीची सूचना येते, आणि त्या क्षणी विमान ज्याच्या हातात असतं तो कॅप्टनचा मुलगा. त्याला या विमानाचं प्रशिक्षणच नसतं. तो स्वयंचलित यंत्रणेशी झगडत बसतो आणि विमान उसळत राहतं. विमानाची रचना निर्दोष ठरते.

वाचक कशावरून भांडतात?

या पुस्तकावरची मतं वाचली की पहिल्यांदा वाटतं, प्रत्येकाने वेगळंच पुस्तक वाचलंय. एक म्हणतो, विमान कसं चालतं हे पहिल्यांदाच नीट समजलं. दुसरा म्हणतो, पात्रं बोलत नाहीत, लेक्चर देतात. एकाला टीव्हीवाल्यांचं चित्रण अगदी खरं वाटतं, दुसऱ्याला तो लेखकाने काढलेला राग वाटतो. पुरुषांच्या कारखान्यात ठामपणे उभी राहणारी केसी कोणाला आवडते. तर कोणी विचारतं, मग खलनायिकाही बाईच का? काहींना पुस्तक वाचून विमानात बसायची भीती वाटते आणि काहींची असलेली भीती जाते. शेवट कोणाला चोख वाटतो, कोणाला फसवणूक.

इथे आपल्यापैकी बरेच जण 'आवडलं' आणि 'नाही आवडलं' असे दोन रकाने करतात. तसं करू नका. त्याऐवजी प्रत्येक मतामागे वाचकाने कोणता प्रश्न विचारलाय ते लिहा. 'पात्रं सपाट आहेत' म्हणणारा विचारतोय : ही चांगली कादंबरी आहे का? 'माहिती भरपूर मिळाली' म्हणणारा विचारतोय : यातून मी काय शिकलो? हे दोघे एकमेकांशी भांडतच नाहीयेत. त्यांचे प्रश्न वेगळे, म्हणून उत्तरं वेगळी.

खरं भांडण कुठे आहे? जिथे दोन वाचक एकाच प्रश्नाला उलट उत्तर देतात तिथे. 'एअरफ्रेम'च्या बाबतीत तो प्रश्न एकच आहे : अपघात झाला की दोष कोणाचा? यंत्राचा, माणसाचा, की बोंब मारणाऱ्या माध्यमांचा? शेवट पटलेले आणि न पटलेले, टीव्हीचं चित्रण पटलेले आणि न पटलेले, हे सगळे या एका प्रश्नावर येऊन उभे राहतात. आणि या प्रश्नाला अहवाल आहेत, खटले आहेत, तारखा आहेत. म्हणजे इथे इतिहासाचं काम सुरू होतं.

पहिला अहवाल : एक दांडा

६ एप्रिल १९९३. चायना ईस्टर्नचं एमडी-११ विमान शांघायहून लॉस एंजेलिसला चाललं होतं. पॅसिफिकवर, अल्युशियन बेटांजवळ, त्याच्या पंखांवरच्या 'स्लॅट्स' अचानक उघडल्या. स्लॅट्स म्हणजे पंखाच्या पुढच्या कडेची सरकती पट्टी. ती उतरताना आणि उडताना बाहेर काढतात, उंचावर वेगात असताना कधीच नाही. विमानाने जोरदार हेलकावे खाल्ले. विमानात २५५ जण होते. त्यातले २ दगावले, १५६ जखमी झाले. विमान अलास्कातल्या शेम्या इथल्या हवाई दलाच्या तळावर उतरलं.

कादंबरीशी साम्य सांगायला नकोच. आता अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, दिलेलं संभाव्य कारण बघा. त्यात पहिलं नाव रचनेचं आहे. स्लॅट्स चालवणारा दांडा डग्लस कंपनीने असा बनवला होता की तो नकळत धक्का लागूनही जागचा हलू शकत होता. त्यानंतर येतं वैमानिकाने विमान सावरण्याचा प्रयत्न करताना हेलकावे वाढणं, आणि तेही एमडी-११ उंचावर फार हलक्या हाताला प्रतिसाद देतं या संदर्भात. मग वैमानिकांना अशा प्रसंगाचं नेमकं प्रशिक्षण नसणं. आणि इतके लोक जखमी झाले त्याला कारण, पट्टे न बांधणं.

दुसरी घटना २३ मार्च १९९४ ची. एरोफ्लोतचं एअरबस ए-३१० मॉस्कोहून हाँगकाँगला जात होतं. कॅप्टनने आपल्या मुलांना कॉकपिटमध्ये आळीपाळीने बसवलं. १५ वर्षांच्या मुलाने नियंत्रण-दांड्यावर इतका वेळ जोर दिला की स्वयंचलित यंत्रणेचा एक भाग सुटला आणि ते वेळेवर कोणाच्या लक्षात आलं नाही. विमानातले सर्व ७५ जण गेले.

कादंबरीतल्या अपघाताचं शरीर पहिल्या घटनेसारखं आहे आणि हात दुसऱ्या घटनेतले. पण थांबा. 'क्रायटनने या दोन घटना उचलल्या' असं प्रबंधात लिहू नका. साम्य दिसणं आणि उसनवारी सिद्ध होणं यात अंतर असतं. ते पार करायला लेखकाच्या नोंदी, हस्तलिखित, मुलाखती असं काहीतरी हातात लागतं. आपल्याला मात्र त्याची गरजच नाही. आपण एवढंच म्हणू शकतो, आणि तेवढं पुरे आहे : स्लॅट्सच्या खऱ्या घटनेत चौकशीने रचनेकडे बोट दाखवलं, कादंबरीत ते बोट माणसाकडे आणि बनावट सुट्या भागाकडे वळलं. शेवट 'फसवणूक' वाटणाऱ्या वाचकाच्या तक्रारीला इथे कागदाचा आधार मिळतो, त्याला स्वतःला तो माहीत असो वा नसो.

दुसरा अहवाल : शिकागो, आणि त्याआधीचं पॅरिस

कादंबरीतली माणसं एक खरं उदाहरण देतात : डीसी-१०. चांगलं विमान, शिकागोच्या अपघातानंतर माध्यमांनी संपवलं, असा त्यांचा सूर. हे तपासू.

२५ मे १९७९ ला अमेरिकन एअरलाइन्सचं डीसी-१० शिकागोच्या ओहेअर विमानतळावरून उडतानाच त्याचं डावं इंजिन आधारासकट तुटून पडलं. विमानातले २७१ आणि जमिनीवरचे २, असे २७३ मृत्यू. जूनमध्ये सरकारने या विमानाचं प्रमाणपत्रच काढून घेतलं आणि जुलैच्या मध्यावर परत दिलं. चौकशीत कळलं की देखभाल करताना इंजिन आणि त्याचा आधार वेगवेगळे न काढता एकत्रच फोर्कलिफ्टने उतरवले जात होते, आणि त्यात आधाराला तडा गेला होता. म्हणजे दोष देखभालीचा, विमानाचा नाही? कादंबरी इथे थांबते. अहवाल पुढे जातो. त्याच अहवालात सहायक कारणं म्हणून लिहिलंय की आधाराच्या जोडांची रचना अशा इजेला सहज बळी पडणारी होती, स्लॅट्सची यंत्रणाही तशीच होती, आणि सरकारी देखरेखीतही उणिवा होत्या.

आता पाच वर्षं मागे जा. ३ मार्च १९७४. तुर्की एअरलाइन्सचं डीसी-१० पॅरिसजवळ एर्मेनोंव्हिलच्या जंगलात कोसळलं. ३४६ मृत्यू. कारण, सामानाच्या कप्प्याचा दरवाजा नीट बंद न होताही बंद झाल्यासारखा दिसायचा आणि तो हवेत उडाला. असाच दरवाजा १२ जून १९७२ ला कॅनडातल्या विंडसरवर उडाला होता, तेव्हा वैमानिकांच्या कौशल्याने सगळे वाचले. त्यानंतर पंधरवड्यात कन्व्हेअर या उपकंत्राटदार कंपनीतल्या डॅन ॲपलगेट या अभियंत्याने अंतर्गत टिपण लिहून इशारा दिला की हे पुन्हा होईल आणि विमान जाईल. सरकारी यंत्रणेने सक्तीचा आदेश काढला नाही, कंपनीच्या प्रमुखाशी तोंडी समजुतीवर भागवलं. पॅरिसला कोसळलेल्या विमानाच्या कागदांवर तर दुरुस्ती 'झाली' असे शिक्के होते. ती झाली नव्हती.

ही सगळी कागदपत्रं लोकांपुढे कशी आली? खटल्यांतून, आणि पत्रकारांच्या कामातून. लंडनच्या 'संडे टाइम्स'च्या तीन पत्रकारांनी १९७६ साली यावर अख्खं पुस्तक लिहिलं. कादंबरीत पत्रकार खरी गोष्ट झाकतात. डीसी-१० च्या इतिहासात पत्रकारांनी ती उघडी करायला मदत केली.

मग क्रायटनची बाजू निराधार होती का? अजिबात नाही, आणि हेही लिहायलाच हवं. नोव्हेंबर १९९२ मध्ये एनबीसीच्या 'डेटलाइन' कार्यक्रमाने जनरल मोटर्सच्या पिकअप ट्रकला टक्कर होऊन आग लागते असं दाखवलं. आग नक्की लागावी म्हणून ट्रकखाली पेट घेणारी साधनं बसवली होती हे प्रेक्षकांना सांगितलं नव्हतं. कंपनीने दावा ठोकला, फेब्रुवारी १९९३ मध्ये वाहिनीने जाहीर माफी मागितली. त्याच वर्षी क्रायटन यांचा माध्यमांवरचा कडक टीकालेख 'वायर्ड' मासिकात आला. १९९६ चा अमेरिकन वाचक हे आठवत 'एअरफ्रेम' वाचत होता. त्याला टीव्हीची निर्माती खरी वाटली यात नवल नाही. पण त्याच ट्रकच्या टाकीत सुरक्षेचा दोष असल्याचा प्राथमिक निष्कर्ष अमेरिकेच्या परिवहन खात्याने १९९४ मध्ये काढला होता. प्रात्यक्षिक खोटं होतं आणि प्रश्न खरा होता. दोन्ही एकाच वेळी. असे तपशील सापडले की घाईने एका बाजूला उभे राहू नका. तुमचं संशोधन बहुतेक तिथेच दडलेलं असतं.

वाचक कोणत्या वर्षी वाचतोय?

हान्स रॉबर्ट याउस या जर्मन अभ्यासकाने १९६० च्या दशकाच्या शेवटी 'अपेक्षांचं क्षितिज' ही कल्पना मांडली. सोप्या भाषेत : प्रत्येक वाचक काहीतरी आधीच मनात धरून पुस्तक उघडतो, आणि काळ बदलला की ते 'आधीचं' बदलतं. पुस्तक तेच राहतं, वाचन बदलतं.

१९९६ हे वर्षच बघा. मे महिन्यात फ्लोरिडात व्हॅल्यूजेटचं विमान कोसळलं, जुलैत न्यूयॉर्कजवळ टीडब्ल्यूएचं. नोव्हेंबरमध्ये आपल्याकडे चरखी दादरीवर दोन विमानांची हवेतच टक्कर होऊन ३४९ जण गेले. डिसेंबरमध्ये बोईंग आणि मॅक्डोनेल डग्लस यांचं विलीनीकरण जाहीर झालं. आणि याच वर्षी समाजशास्त्रज्ञ डायन व्हॉन यांचं 'चॅलेंजर' यानाच्या दुर्घटनेवरचं पुस्तक प्रसिद्ध झालं. त्यात त्यांनी दाखवलं की कोणी खलनायक नसतानाही, रोजच्या कामात छोट्या छोट्या गोष्टी 'चालतंय' म्हणत खपवून घेतल्या की संस्था अपघाताकडे जाते. एकाच वर्षातली दोन पुस्तकं. एकाने दोषी हात शोधून दाखवला, दुसऱ्याने विचारलं की एकच हात शोधायचा कशाला?

आता २०१९ नंतरचा वाचक घ्या. २९ ऑक्टोबर २०१८ ला इंडोनेशियात लायन एअरचं ७३७ मॅक्स समुद्रात पडलं, १८९ मृत्यू. त्याचा कॅप्टन भारतीय होता. १० मार्च २०१९ ला इथिओपियात दुसरं मॅक्स पडलं, १५७ मृत्यू. बेरीज करा : ३४६. पॅरिसचा आकडाही हाच होता. पहिल्या अपघातानंतर वैमानिकांच्या आणि देखभालीच्या चुकांची चर्चा बरीच झाली. दुसऱ्यानंतर जगाचं लक्ष विमानातल्या एका नव्या स्वयंचलित यंत्रणेकडे गेलं. ती एकाच सेन्सरच्या आकड्यावर विसंबून विमानाचं नाक खाली दाबायची आणि वैमानिकांच्या माहितीपुस्तिकेत तिचा उल्लेख नव्हता. लायन एअरच्या अंतिम अहवालात एकूण नऊ कारणं आहेत : रचना, आधीच्या दुरुस्तीत चुकीचा जुळवलेला (कॅलिब्रेट केलेला) सेन्सर, नोंदी, प्रशिक्षण, वैमानिकांचं काम. हा वाचक 'एअरफ्रेम'च्या शेवटाला आला आणि 'विमान निर्दोष, माणूस चुकला' हे वाचलं, की त्याला अस्वस्थ वाटणारच. १९९६ च्या वाचकाला तेच उत्तर चतुर वाटलं असेल.

म्हणून अभिप्राय गोळा करताना वर्ष आणि शक्य असेल तर वाचकाचा व्यवसाय नोंदवा. १९९७ चा एक आणि २०२१ चा एक अभिप्राय शेजारी ठेवून 'मतभेद आहेत' म्हणणं म्हणजे दोन वेगळ्या क्षितिजांना एका रांगेत बसवणं.

अहवालालाही प्रश्न विचारा

एक सावधगिरी. वाचून वाटेल, कादंबरी खोटी आणि अहवाल खरा, संपला विषय. तसं नाही. अहवालही कोणीतरी, कशासाठी तरी लिहिलेला असतो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या नियमांप्रमाणे अपघाताच्या चौकशीचा हेतू पुन्हा अपघात होऊ नये एवढाच असतो, दोष किंवा जबाबदारी ठरवणं हा नसतो. अमेरिकेत तर एनटीएसबीचा अहवाल नुकसानभरपाईच्या दाव्यात पुरावा म्हणून वापरायला कायद्याने मनाई आहे. मग 'दोष कोणाचा' हे कोण ठरवतं? कोर्ट, वर्तमानपत्रं, कंपन्यांची पत्रकं. आणि हो, कादंबऱ्याही. अहवाल जी जागा मुद्दाम रिकामी ठेवतो, ती भरायला हे सगळे धावतात. माझ्या मते 'एअरफ्रेम'सारख्या पुस्तकाचं ऐतिहासिक मोल तिथे आहे. त्या काळात सामान्य वाचकाला कोणतं उत्तर पटण्यासारखं होतं, हे ते दाखवतं.

आणि हे उत्तर फुकट मिळत नाही. कोणाला तरी त्याची किंमत मोजावी लागते. मेलेला वैमानिक बाजू मांडू शकत नाही. फोर्कलिफ्ट चालवणारा कामगार पत्रकार परिषद घेत नाही. ज्याच्याकडे वकील आणि जनसंपर्क खातं आहे, त्याची गोष्ट जास्त नीट जपून राहते. दप्तरात बसताना हे विसरू नका.

आपल्या दारातलं काम

हा विषय अमेरिकेपुरता नाही. १४ फेब्रुवारी १९९० ला मुंबईहून निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं ए-३२० बंगळुरूला धावपट्टीच्या अलीकडेच कोसळलं. १४६ पैकी ९२ जण गेले. विमान नवं, संगणकावर चालणारं. सरकारने ताफ्यातली सगळी ए-३२० जमिनीवर बसवली. यंत्र की वैमानिक, हा वाद पेटला आणि न्यायालयीन चौकशीने वैमानिकांच्या चुकीकडे बोट दाखवलं. त्या फेब्रुवारी-मार्चची मराठी दैनिकं, संपादकीयं आणि वाचकांची पत्रं काढून बसा. कोणता वाचक कोणाच्या बाजूने बोलतोय आणि का, हे पाहणं हा एका एम.फिल.च्या तोडीचा विषय आहे.

आणि ताजं उदाहरण सगळ्यांच्या मनात आहेच. १२ जून २०२५ ला अहमदाबादला एअर इंडियाचं विमान पडलं, २६० जण गेले. जुलैत प्राथमिक अहवाल आला. इंधनाचे दोन्ही स्विच एकापाठोपाठ बंद स्थितीत गेले, आणि एका वैमानिकाने दुसऱ्याला 'का बंद केलेस' असं विचारल्यावर 'मी नाही केले' असं उत्तर आलं, हे त्यात होतं. त्या दोन-चार ओळींवर किती जणांनी किती पक्के निकाल दिले, ते आठवून बघा. पन्नास वर्षांनी कोणीतरी ते निकाल अभ्यासायला घेईल. तुम्ही आत्ताच तारखेसकट जपून ठेवायला लागा.

आता तुमच्या आराखड्याकडे या. 'संमिश्र प्रतिसाद' हे शब्द शोधा. त्याखाली तीन ओळी लिहा : वाचक कोणत्या एका प्रश्नावर उलट उत्तरं देतायत, ते कोणत्या वर्षी आणि कुठून बोलतायत, आणि त्या प्रश्नावर पुस्तकाबाहेरचा कोणता कागद मला मिळू शकतो. तिन्ही ओळी भरल्या, तर गाइडकडे जायला हरकत नाही. तिसरी ओळ रिकामी राहिली, तर आधी ग्रंथालयात जा.